ती पेशंट नाही

“मान खाली घालून चाल,” मॅडम म्हणाल्या. “पाहुण्यांसमोर हा कसला तोरा?”

माझ्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये कोकम सरबताचे काचेचे ग्लास. शारजातला त्यांचा फ्लॅट, हॉलमध्ये गणपती, सोफ्यांवर दुबईहून, अबुधाबीहून आलेली मराठी माणसं. बायका रेशमी साड्यांत. मी तेव्हा चौथीत.

मी मान खाली घातली.

मान खाली घातली की मला समोरचं दिसायचं नाही. जन्मापासून माझ्या दोन्ही पापण्या खाली उतरलेल्या. डावी जास्त. ती तर बुबुळाच्या खालपर्यंत आलेली. समोर बघायचं तर हनुवटी वर करायची, कपाळाला आठ्या घालून भुवया चढवायच्या, तेव्हा कुठे पापणीखालच्या फटीतून माणूस दिसायचा. हनुवटी खाली केली की फक्त फरशी. आणि पाय. नेलपॉलिश लावलेले, पैंजण घातलेले, मोज्यांतले.

त्या पायांमधून मी वाट काढत गेले आणि कुणाच्या तरी गुडघ्यांना धडकले. ग्लास कलंडले. पांढऱ्या साडीवर लाल सरबत.

“आंधळी आहेस का गं?”

मॅडमच ओरडल्या. एक गृहस्थ म्हणाले, “अहो, झोपेत चालतेय ती. डोळे बघा ना तिचे.” हॉल हसला. मॅडमचे यजमान, डॉक्टरसाहेबही हसले. त्यांचं हसणं मला वेगळं आठवतं. कारण ते डॉक्टर होते.

आई फडकं घेऊन धावत आली. गुडघ्यांवर बसली. साडी पुसायला हात पुढे केला.

“तू नको हात लावू,” ती बाई म्हणाली.

आईने हात मागे घेतला आणि फरशी पुसली.

आई त्या घरी पोळ्या करायची. आम्ही खेडजवळच्या गावातले. बौद्ध. आबा अजमानच्या एका गॅरेजात फोरमन होते, म्हणून कंपनीने आम्हाला फॅमिली व्हिसा दिलेला. अजमानमध्ये एका जुन्या घरातली एक खोली आमची. बाजूच्या खोल्यांत मल्याळी कुटुंबं. पगारात भागत नव्हतं, म्हणून आईने काम धरलं. रोज दुपारी शाळेतून सुटले की मीही तिच्याबरोबर शारजाला. घरी एकटीला कोण ठेवणार?

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी आडनाव विचारून घेतलं होतं. आईने खरं सांगितलं. वर्षभर आईच्या हातच्या पोळ्या चालल्या. गणपतीच्या दिवसांत मात्र नैवेद्याचा स्वयंपाक मॅडम स्वतः करायच्या आणि आई बाहेर भांडी घासायची. सोसायटीतली सगळी मुलं त्यांना काकू म्हणायची. मीही एकदा म्हटलं. “मॅडम म्हणायचं,” त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. हसून सांगितलं.

शाळेत वेगळंच. मान वर ठेवली तर टीचर म्हणायची, “व्हॉट अॅटिट्यूड!” मान खाली केली तर म्हणायची, “स्लीपिंग अगेन?” दोन्हींसाठी शिक्षा एकच, वर्गाबाहेर उभं राहायचं. मी इतकी बाहेर उभी राहिले की फळ्यावरचं काय सुटलं ते मैत्रिणींच्या वह्यांतूनच कळायचं. मुलं मला ‘चायनीज’ म्हणायची. ‘बेवडी’ म्हणायची. ते शब्द मी ऐकून सोडले. मान मात्र दुखायची. संध्याकाळी आई खोबरेल तेल लावून चोळायची.

आईला काळजी नव्हती असं नाही. गावाला असताना म्हाताऱ्या बायका सांगायच्या, पोर वाढेल तशी पापणी उघडेल. कुणी तुपाचं बोट फिरवायला सांगितलं. आईने ते सगळं केलं. आणि डॉक्टरांच्या घरी काम लागलं तेव्हा तिला वाटलं, देवच भेटला. ती कितीतरी दिवस मनात जुळवत होती. एका शुक्रवारी डॉक्टरसाहेब सोफ्यावर पेपर वाचत होते. आईने मला ओढत समोर नेलं. हात पदराला पुसत उभी राहिली.

“साहेब, हिचे डोळे जरा बघता का? लहानपणापासनं असंच हाय.”

पेपर खाली आला नाही. पेपरच्या मागून आवाज आला.

“मोठी झाली की होईल ठीक.”

आईला केवढा आनंद झाला. घरी जाताना व्हॅनमध्ये ती आबांना सांगायचं काय ते घोकत होती. डॉक्टर म्हणालेत, होईल ठीक. मग आमच्या घरात तो विषय बंद झाला. का नाही होणार? एवढा मोठा डॉक्टर खोटं कशाला बोलेल?

त्यांनी मला बघितलंच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मी लहान. आणि आई इतकी खूष.

पुढे काय झालं ते सांगते.

अनुजा त्यांची मुलगी. माझ्याच वयाची. तिला रांजणवाडी झाली. वरच्या पापणीच्या कडेला मुगाच्या डाळीएवढी लाल पुळी. घरात हलकल्लोळ. मॅडमनी पुण्याला फोन लावला, अबुधाबीला फोन लावला. अनुजा रडत होती, “मम्मा, इट हर्ट्स, आय विल गो ब्लाइंड.” डॉक्टरसाहेब हृदयाचे डॉक्टर, पण त्यांनी पेपर बाजूला ठेवून मुलीला खिडकीपाशी नेलं. टॉर्च लावून बघितलं. एकदा, परत एकदा. मग डोळ्यांच्या क्लिनिकला फोन करून त्याच संध्याकाळची वेळ घेतली.

मी स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत होते. हनुवटी वर करून. तो टॉर्च मला अजून दिसतो.

त्यांच्या धाकट्या बाळाला सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मला गाडीत घेतलं. आई कणीक मळत होती. म्हणाली, “नीट बस. कशाला हात लावू नको.”

क्लिनिकमध्ये थंडगार एसी. डॉक्टरीण इराकी होती. उंच, केस पिकायला लागलेले, चष्मा गळ्यात दोरीने लटकवलेला. अनुजा खुर्चीत बसली. डॉक्टरिणीने डोळा बघितला आणि हसली.

“स्टाय. काही नाही. स्वच्छ कपड्याने गरम शेक द्या दिवसातून चार-पाच वेळा. दाबायचं नाही, फोडायचं नाही. बरी होईल. पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखलं, नीट दिसेनासं झालं, तर लगेच घेऊन या. नाहीतर यायची गरज नाही.” हे सगळं इंग्रजीत. मला समजत होतं. शाळेत बाहेर उभी असले तरी कान आतच असायचे.

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. पर्स उचलली. डॉक्टरिणीने मात्र खुर्ची फिरवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

मी बाळाला कडेवर घेऊन कोपऱ्यात उभी. सवयीने मान वर.

“अँड धिस वन?” ती म्हणाली.

“कोण, ही?” मॅडम हसल्या. “ओह नो. शी इज नॉट अ पेशंट. आमच्या पोळीवालीची मुलगी.”

“मी ते विचारलं नाही. ती मान अशी कधीपासून धरते?”

मॅडमनी नवऱ्याकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे. “बहुतेक जन्मापासून,” ते म्हणाले. “फॅमिलीत असेल.”

“तुम्ही डॉक्टर आहात ना?”

साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

डॉक्टरिणीने मला बोट करून अरबीत बोलावलं. “तआली, हबीबती.” मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडून बाळ घेतलं नाही. हळूच मराठीत म्हणाल्या, “आपल्याला उशीर होतोय. सांग तिला, नको म्हणून.”

अनुजा खुर्चीतून उठली होती. खुर्ची रिकामी होती. काळी, गुबगुबीत, हात ठेवायला जागा असलेली.

मी बाळाला खाली गालिच्यावर ठेवलं. आणि जाऊन खुर्चीत बसले.

बाळ रडायला लागलं. मॅडम म्हणाल्या, “अगं ए! ऊठ आधी.” मी उठले नाही. आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता, कणकेचे हात, आणि तिने काय सांगितलं होतं ते. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

“ऊठ म्हणते ना!”

“मला दिसत नाही,” मी म्हटलं. मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत म्हटलं. “आय कान्ट सी.”

जन्मात पहिल्यांदा मी ते कुणाला तरी सांगितलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरिणीने अंगठ्याने माझी डावी पापणी वर उचलली. उजेड आत आला तसं मी दचकले. तिने उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. अक्षरं कुठे आहेत तेच मला कळेना. भिंत धुरकट. मग डावा डोळा झाकला, उजवी पापणी धरून ठेवली. उजव्याने खालच्या ओळीपर्यंत वाचलं. परत डावा. पापणी पूर्ण उघडून धरली तरी भिंत धुरकटच.

तिने माझा डोळा सोडला. मग साहेबांकडे वळली.

“पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा आहे. उजवा डोळा वाचला, कारण मुलगी मान वर करून त्याने बघत राहिली. डावा झाकलेलाच राहिला. बाळपणी डोळ्यात चित्र गेलं नाही की मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकत नाही. ही तान्ही असताना मला दाखवायला हवी होती. ऑपरेशन करून पापणी उचलता येईल. नजर किती येईल ते मी सांगू शकत नाही. फार उशीर झालाय.”

मग ती अनुजाकडे बघून म्हणाली, “हिला आणायची घाई नव्हती. हिला,” माझ्या खांद्यावर हात ठेवून, “हिला होती.”

गाडी निघाली. अनुजा एकदा म्हणाली, “मम्मा, शी रिअली कान्ट सी,” आणि मॅडम म्हणाल्या, “क्वायट.”

फ्लॅटवर आल्यावर मॅडमनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. आईच्या पुढे उभं केलं.

“हिने आज आमची लाज काढली. त्या अरब बाईसमोर. बाळाला जमिनीवर टाकून खुर्चीत जाऊन बसली. जणू आम्ही हिच्यावर अन्याय करतो.”

आईला काही कळेना. मी सांगितलं. डावा डोळा गेलाय. तान्ही असताना दाखवायला हवं होतं.

आई हळूहळू साहेबांकडे वळली. ते दारात होते. तिचा आवाज अगदी बारीक झाला.

“साहेब, तुम्ही म्हणाला होता, होईल ठीक.”

“मी कधी म्हणालो?”

“मी इचारलं होतं. ह्या सोफ्यावर बसला होता तुम्ही.”

“हे बघा, मी हार्टचा डॉक्टर आहे. येता-जाता कुणी काही विचारतं. मला काय माहीत?”

मॅडम मध्ये पडल्या. “अगं, आम्हाला वाटलं, तुमच्यात असंच असतं.”

तुमच्यात.

स्वयंपाकघरात पोळी करपल्याचा वास आला. तवा कुणीच उतरवला नाही. तुमच्यात म्हणजे कुणात? गावात? कामवाल्यांत? की ज्यांचं आडनाव पहिल्या आठवड्यात विचारून घेतलं त्यांच्यात? मला तेव्हा पूर्ण समजलं नाही. अर्धं समजलं, ते पुरलं. त्यांना माझी पापणी रोज दिसत होती. आमची जात म्हणून दिसत होती. रोग म्हणून दिसत नव्हती.

“आधी सॉरी म्हण,” मॅडम मला म्हणाल्या. “नीट. मान खाली घालून.”

आई म्हणाली, “म्हण बाय. म्हण आणि मोकळी हो.”

“नाही.”

“म्हण गं.”

“मी नाही म्हणणार. मी काय केलं?”

आईने माझ्या थोबाडीत मारली. तिचा हात कणकेचा होता. गालाला कणीक चिकटली. मी रडले नाही, मॅडमकडे बघत राहिले. मला जसं बघता येतं तसं.

मॅडमचा चेहरा बदलला. त्या आईला म्हणाल्या, “नवऱ्याच्या व्हिसावर येऊन बाहेर काम करणं इथे बेकायदेशीर आहे, माहीत आहे ना? आम्ही आजवर काही बोललो नाही.”

ते बेकायदेशीर काम त्यांच्याच तव्यावर करपत होतं.

आईने गॅस बंद केला. मला वाटलं, आता आई काम सोडणार. आई म्हणाली, “उद्या येते, मॅडम.” आणि चपला घातल्या.

लिफ्टमध्ये तिने माझ्या गालावरची कणीक पदराने पुसली. खाली उतरल्यावर ती रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी शेजारी उभी राहिले. मला तिचा राग आला होता. तिची भीतीही मला दिसत होती. त्या वयात दोन्ही एकदम धरता येत नाही, तरी धरलं.

घरी आबांना सांगितलं. आबा फार बोलायचे नाहीत. एवढंच म्हणाले, “पोर आता त्या घरात जाणार नाही.” मी गेले नाही. पुन्हा कधीच गेले नाही. मल्याळी शेजारीण मला दुपारी तिच्या खोलीत ठेवून घ्यायची. आई मात्र जात राहिली. आम्हाला ते काम हवं होतं. हे मी लपवणार नाही. आई मान खाली घालून पोळ्या लाटत राहिली आणि त्या पोळ्यांच्या जिवावर मी शिकले.

आबांच्या सुट्टीत मुंबईला सरकारी हॉस्पिटलमध्ये दोन्ही पापण्यांचं ऑपरेशन झालं. टाके निघाले त्या दिवशी मी वॉर्डातल्या आरशात बघितलं. डोळे सुजलेले, पण उघडे. झोपेत ते पूर्ण मिटायचे नाहीत, म्हणून आई झोपण्याआधी मलम घालायची. मग डाव्या डोळ्याला जागं करायचं म्हणून उजव्यावर रोज पट्टी. चांगला डोळा बंद, आणि धुरकट डोळ्याने चालायचं, वाचायचं. परत अजमानच्या शाळेत आले तेव्हा टीचर म्हणाली, “टेक दॅट थिंग ऑफ, इट इज स्केअरिंग द अदर चिल्ड्रन.”

मी काढली नाही. प्रिन्सिपॉलकडे पाठवलं, गेले. घरी चिठ्ठी पाठवली, आबा गॅरेजच्या कपड्यांतच शाळेत आले. म्हणाले, “डॉक्टरने सांगितलंय. पट्टी राहणार.” बाहेर काढलं तर मी दारात उभी राहून फळ्यावरचं मोठ्याने वाचायचे. चुकत वाचायचे. सहाला आठ म्हणायचे. मुलं हसायची. मी वाचायचे.

नजर आली नाही. थोडी आली. डाव्या डोळ्याने आज मला माणसाचा आकार दिसतो, चेहरा दिसत नाही. ती इराकी डॉक्टरीण खरं बोलली होती. उशीर म्हणजे उशीर.

आता नवं शतक लागलंय. मी दुबई मरीनाला एका बांधकाम कंपनीच्या साइट ऑफिसात टायपिस्ट आहे. पोर्टाकॅबिनच्या खिडकीतून टॉवरच्या क्रेन दिसतात. नवरा एसीच्या कंपनीत. आम्ही अजमानलाच राहतो. मला मुलगी झाली. पहिल्या दिवसापासून मी तिच्या पापण्या बघत होते. दूध पिताना, रडताना, उजेडाकडे वळताना. उजवी पापणी जराशी खाली. फार नाही. बघणाऱ्यालाच कळेल एवढी.

गावाहून फोनवर सासूबाई म्हणाल्या, “तान्हं पोर आहे, झोपेत असेल.” आईही आता गावीच. ती म्हणाली, “नशीब गं बाय. तुझं आलं तिला.”

“आई, माझं नशीब नव्हतं ते,” मी म्हटलं. “बघणाऱ्याने बघितलं नाही.”

फोन कार्डाची मिनिटं सरत होती. मग आई म्हणाली, “जा. घेऊन जा तिला. कुणाचं ऐकू नको.”

मी नेली. डॉक्टरांनी तपासलं. पापणी बुबुळावर आलेली नाही. नजर दोन्ही डोळ्यांची सारखी आहे. पण ठरल्या वेळी दाखवत राहायचं. पापणी बुबुळावर आली, मूल मान तिरकी किंवा वर धरायला लागलं, एक डोळा झाकल्यावर कुरकुर करायला लागलं, तर त्याच दिवशी यायचं. पुढच्या वाढदिवसाची वाट बघायची नाही.

आज पुढच्या तपासणीचा दिवस होता. आमचे मॅनेजर पुण्याचे. चांगल्या घरातले, मराठीत बोलणारे. मी सुट्टी मागितली तर कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले, “अहो, आज कन्सल्टंट येतोय. बाळाचा डोळा कुठे पळून जातोय? पुढच्या आठवड्यात जा, इन्शाल्ला.”

“साहेब, आता मी सुट्टी मागत नाहीये. सांगून चाललेय.”

तेव्हा त्यांनी वर बघितलं. “मग उद्या यायचं की नाही ते आम्ही ठरवू.”

“ठरवा,” मी म्हटलं, आणि पर्स उचलली.

उद्या मी ऑफिसला जाणार आहे. कामावर ठेवलं तर काम करीन. काढलं तर दुसरं शोधीन, आणि तिथेही पहिल्याच दिवशी सांगीन की माझ्या मुलीच्या तपासणीचा दिवस चुकणार नाही. माझ्या मुलीला अजून बोलता येत नाही. तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते तिला सांगता येईपर्यंत मी बोलणार. डॉक्टरपुढे बोलणार, मॅनेजरपुढे बोलणार, शाळा लागली की टीचरपुढे बोलणार. समोरचा कितीही शिकलेला असो, कितीही मोठ्या घरचा असो, त्याने तिचे डोळे नीट बघितल्याशिवाय मी त्याला सोडणार नाही.